ऊन दाखवलेली बाटली

॥ श्री सोमेश्वर प्रसन्न ॥

गंगापूर रोड, नाशिक
दि. २० फेब्रुवारी २००७, मंगळवार

चि. उज्वला हिस,

नवसाबाईचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या नावाच्या आधी खोडलेलं दिसेल. हात सवयीनं ‘चि. सौ.’ लिहून गेला, मग त्यातलं ‘सौ.’ खोडलं. दुसरा कागद घेणार होते, पण म्हटलं, सूनच आहे, परकी थोडीच आहे. राग मानू नको.

तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? निरगुडीचं तेल दिलं होतं ते चोळतात का? चोळल्यावर लगेच गार पाण्यात पाय घालू नका म्हणावं. त्या ऐकायच्या नाहीत, मला माहीत आहे. पण फोनवर त्या ‘कशी शे नवसाबाई?’ म्हणतात ना, ते ऐकलं की मला पोटातून बरं वाटतं. आप्पांचा खोकला थांबला का? विडी थांबली तर खोकला थांबेल, पण हे मी म्हटलं असं सांगू नको. तुझ्या वहिनीला सातवा लागला असेल. डोहाळे कसले लागलेत? आंबटाचे असतील तर इकडून एक बरणी पाठवते, तिची गंमत पुढं सांगेन. दिशाचा कान दुखायचा राहिला का? लसूण घातलेलं तेल कोमट करून मग घाल, गरम नको. ती ‘आजोबा कुठं’ विचारते का? की विसरली? विसरली असेल तर तसं लिहू नको.

आणि तू कशी आहेस? तुझं सगळ्यांच्या शेवटी विचारते, कारण तू ‘बरी आहे’ एवढ्यावर भागवशील. पोटाला खातेस ना?

इकडे आम्ही बरे आहोत. घरात हे आहेत, मी आहे, आणि भिंतीवर दीपक आहे.

फोन करता आला असता. पण फोन खानावळीच्या गल्ल्यावर, गल्ल्यापुढं गिऱ्हाईक, आणि कुसाबाई भाकरी थापता थापता कान इकडंच लावून बसलेली. शिवाय बोलायला लागलं की मी ‘जेवलीस का’ विचारून फोन ठेवून देते. म्हणून कागद घेतला. दीपक पहिलीत असताना त्याच्या पाटीवर मी अक्षरं शिकले, त्याचा आज उपयोग.

कशाबद्दल लिहायचंय ते तुला ठाऊक आहे. वर्षश्राद्ध आटोपून तुम्ही निघालात. तू दिशाला घेऊन रिक्षात बसलीस आणि आप्पा ओट्यावर मागं राहिले. टोपी काढून हातात धरली. म्हणाले, “विहीणबाई, मालेगावच्या डेपोत मेकॅनिक आहे. बायको बाळंतपणात गेली, मूल पण नाही राहिलं. माणूस निर्व्यसनी. उज्वलाशी पाट लावायचा म्हणतात. पण पोरगी म्हणते, आईंनी हो म्हटल्याशिवाय मी तोंड उघडायची नाही.” मग आवाज बारीक करून म्हणाले, “दिशाचं तुम्ही म्हणाल तसं. ते लोक तिला घ्यायला तयार आहेत. पण तुमच्या घराचा तेवढाच दिवा राहिलाय. इथं ठेवायची म्हणालात तरी आम्ही शब्द काढणार नाही.”

मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, “आप्पा, चहा घेऊन जा.”

ते म्हणाले, “रिक्षा थांबलीय.”

मी म्हटलं, “मग दशम्या बांधून देते, वाटेत पोरीला लागतील.”

त्यांनी टोपी घातली आणि गेले. तू रिक्षातून बघत होतीस. मी हात केला, तोही पिठाचा. तेव्हापासून ते उत्तर माझ्याकडं उधार आहे. आज ते देणार आहे. पण मला एकदम नाही जमायचं, सगळं सांगत सांगत येते. तेवढं वाचून घे.

शुक्रवारी महाशिवरात्र झाली. सोमेश्वराला मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी आपण मटण लावलं नाही, साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी ठेवली. कुसाबाई म्हणाली, “येवढे उपाशी लोक येवढं खात्यात, तर जेवणारे किती खातील?” आणि खरंच शनिवारी रांग लागली. आता शनिवार-रविवारचं काही विचारू नको. संध्याकाळी धरणाकडून गाड्यांच्या दिव्यांची माळ सुटते. वायनरीत सूर्य बुडताना बघायचा, ग्लास हातात धरायचा, आणि मग भूक लागली की खाली आपल्याकडं. मुंबईची, पुण्याची पोरं, बरोबर त्यांच्या बायका, मैत्रिणी, कोण कोणाचं ते मी विचारत नाही. आल्या आल्या म्हणतात, “आजी, तिखट कमी.” मी बरं म्हणते आणि आहे तसंच वाढते. नाक पुसतात, डोळे पुसतात, आणि काळ्या रश्श्याची दुसरी वाटी मागतात. मग तिसरी भाकरी. गाणी म्हणतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. परवा एक पोरगी तव्यापाशी येऊन बसली आणि कुसाबाईला म्हणाली, “मला शिकवा ना भाकरी.” कुसाबाईनं गोळा हातात दिला. भाकरीचा नकाशा झाला. कुसाबाई म्हणते, “ऱ्हाऊ दे बाई, तू आपली बाटलीच उघड.” सगळे हसले, ती पोरगी तर सगळ्यांत जास्त.

रस्त्यावर नवे दिवे लागलेत. आपल्या पाटीवरही लाइट घेतली, ‘दीपक खानावळ’ लांबून दिसतं. एखादा खुशीत आलेला विचारतो, “आजी, दीपक कोण?” मी सांगते, “मालक. बाहेर गेलाय.”

आता मला ते दिवे बघून त्या संध्याकाळचीच आठवण येते. तुला येते का? दीपक कामाला होता त्या वायनरीतल्या पहिल्या तोडणीच्या जत्रेला त्यानं आपल्या सगळ्यांना नेलं, त्या संध्याकाळची. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या समर्थची ओम्नी मागून आणली होती. ह्यांनी चार दिवस नाही नाही केलं, आणि निघायच्या वेळी सगळ्यांच्या आधी पटका बांधून पुढच्या सीटवर.

तिथं ती लाकडाची एवढी मोठी परात, तिच्यात द्राक्षं, आणि पोरी अनवाणी त्यात नाचतायत, वर ढोल-ताशा. ह्यांचं डोकंच फिरलं. “माल पायाखाली? आरं, माझा बाप खाली पडलेला मणी उचलून डोळ्याला लावायचा!” दीपक हसतोय. म्हणाला, “तात्या, देवाच्या पायावर वाहतो ना आपण? तसं समजा.” “मग देव हायेत का ह्या पोरी?” “आज हायेत, तात्या.” हे काही परातीच्या जवळ गेले नाहीत. पण तुला जायचं होतं. तू माझ्याकडं बघितलंस, मी मान हलवली. तू साडी जरा वर खोचलीस, वाकून परातीला हात लावलास, तो कपाळाला लावलास आणि मगच आत पाय ठेवलास. तुझं बघून मागच्या मुंबईच्या पोरीही एकेक करून परातीच्या पाया पडायला लागल्या. त्यांना वाटलं, हे असंच करायचं असतं! दीपक हसून हसून खाली बसला. मग डोळे पुसत मला म्हणाला, “आई, आपल्या उज्वलानं कंपनीला रीत लावली बघ.” त्याचं तोंड तेव्हा कसं दिसत होतं, ते तुला पाठ असेल.

मग गच्चीवर. धरणाच्या पाण्यात सूर्य उतरत होता. त्यानं मला ग्लास दिला. मी आपला पाण्याच्या पेल्यासारखा मुठीत धरला. “आई, दांडीला धर. आता नाक आत घाल, वास घे आधी.”

“मी काय पोलिसांचं कुत्रं आहे का वास घ्यायला?”

“अगं, वासातच सगळं असतं. कुठली माती, किती ऊन, काय काय घातलंय. तोंड खोटं बोलतं, वास नाही.”

घेतला वास. मग घोट घेतला. जांभळं खाल्ली की जीभ आखडते तशी आखडली. “काढा आहे नुसता,” म्हटलं. तो कोणालातरी वाढायला गेला. नंतर विचारलं तर मी सांगितलं, कुंडीतल्या झाडाला ओतली. उज्वला, मी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले होते. तू बघितलं होतंस. तू पदर तोंडाला लावलास, पण कधी चुगली केली नाहीस. त्या दिवसापासून तू माझी सून राहिली नाहीस, लेक झालीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

तिथून कॉलेज रोड. केवढी ती रोषणाई, केवढी पोरं! पावभाजी खाल्ली, आइस्क्रीम खाल्लं. दिशा ह्यांच्या खांद्यावर झोपली आणि तिचं आइस्क्रीम पटक्यात गेलं. दीपक म्हणाला, “बघ आई, नाशकाला लोक आता नुसती राख सोडायला नाही येत. खायला-प्यायला येतात, जगायला येतात.” आणि एवढं सगळं खाऊन घरी आल्यावर म्हणाला, “सकाळचा रस्सा उरलाय का गं?”

वर्ष पुरं झालं नाही, तोच आम्ही त्याला घेऊन रामकुंडावर उभे होतो.

आता इथं थांबते. गिऱ्हाईक आलंय.

गुरुवार

मंगळवारी थांबले ती आज बसले. गिऱ्हाईक होतं हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवत होते.

त्याच्या दहाव्यानंतर तू मला मोरीपाशी गाठून विचारलं होतंस, “आई, खरं सांगा. हे प्यायले होते का?” मी तांब्या उचलून आत गेले. तुला वाटलं असेल, आईचं मौन म्हणजे हो. बायका बसायला येत होत्या आणि कुजबुजत होत्या, “वाइनवाला तो, दुसरं काय असणार.” तू ते ऐकत होतीस. वर्षभर तू ते मनात घेऊन बसलीस आणि मी तुला बसू दिलं.

आता ऐक. द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेला ट्रॅक्टर रस्त्यात उभा होता, मागं दिवा नाही, साधं लाल फडकं नाही. तो कामावरून सरळ घरी येत होता, अंधारात त्यावर आदळला. दवाखान्यात मला आत घेतलं तेव्हा तुला बाहेर बसवलं होतं. मी वाकले. लोकांना वाटलं, मुका घेते. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला, उज्वला. त्यानंच शिकवला होता तसा, डोळे मिटून. रक्ताचा वास होता, धुळीचा होता, आणि दुपारी मी डब्यात दिलेल्या लसणाच्या ठेच्याचा होता. बाकी कशाचा नव्हता. आईनं लेकाचा असा वास घेतला, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? म्हणून तांब्या उचलला. प्याला असता तरी तो माझाच होता. पण नव्हता प्याला. हे तू मनातून काढून टाक आणि दिशा मोठी झाली की तिला सांग.

आता बाटलीचं सांगते, म्हणजे उत्तरापाशी पोचेन.

दिशा झाली तेव्हा दीपकनं तांबड्या वाइनची एक बाटली आणली होती, तुला आठवत असेल. तिच्या बारशाच्या दिवशी माझ्या हातात देऊन म्हणाला, “आई, ही हिच्या लग्नात फोडायची. नीट ठेव. वाइन ठेवली की मुरते.” मुरते म्हटल्यावर मला काय शिकवायला पाहिजे? लोणचं मी मुरवते, मुरांबा मी मुरवते. चुलीशेजारच्या फडताळात मसाल्याच्या डब्यांमागं ठेवली, उबेला. आणि दर चैत्रात पापड-कुरडया, मिरच्या, लोणच्याच्या बरण्या गच्चीवर निघाल्या की तीही काढायची, पुसायची आणि उन्हात ठेवायची. ऊन दाखवलं नाही तर बुरशी धरते ना! तू एकदा विचारलंस, “आई, हिला पण ऊन?” मी म्हटलं, “नातीच्या लग्नाची आहे, हिला आधी.” दीपक दिवसा कामावर, त्याला काय कळणार गच्चीवर काय चाललंय. तो गेल्यावर तर मी जास्तच जपली. गेल्या उन्हाळ्यात पापड केले नाहीत, कुरडया केल्या नाहीत. गच्चीवर नुसती ती एक बाटली ठेवली होती आणि मी शेजारी छत्री घेऊन बसले होते, कावळा बसू नये म्हणून.

वर्षश्राद्धाचं गोडाधोडाचं झालं, तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आवडीचं तिखट केलं. काळ्या मसाल्याचं मटण, कलेजी वेगळी, बाजरीची भाकरी, कांदा बुक्कीनं फोडलेला. ताट त्याच्या फोटोपुढं ठेवलं. ह्यांनी ताटातली भाकरी सरळ केली. मग म्हणाले, “त्याची ती बाटली काढ.”

“ती दिशाच्या लग्नाची आहे.”

“माहीत हाय. आप्पा काय बोलले ते ऐकलं मी खिडकीतनं. कोणाच्या मांडवात लगीन व्हईल तिचं, अन् कोण तिथं आपल्याला बाटली घिऊन बोलवील? काढ.”

त्याचं बूच काढायचं हत्यार आपल्याकडं कुठलं! ह्यांनी बुचात स्क्रू पिळला आणि पकडीनं ओढला. बूच भुगा होऊन निघालं. एक पेला त्याच्या ताटापाशी ठेवला, दोन आम्ही घेतले. तुला ठाऊक आहे, ह्यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. मी दीपकनं सांगितल्यासारखं आधी नाक घातलं. आणि मला कळलं. सगळं आंबून गेलं होतं, सिरका झाला होता. तोंडात धरवेना, डोळ्यांत पाणी आलं.

हे पीत होते. कपाळाला आठी नाही.

“कशी आहे?” मी विचारलं.

“गोड हाय.”

“अहो, खरं सांगा.”

“गोड हाय म्हणलं ना.” पेला रिकामा केला, पालथा घातला आणि झेंडूला पाणी द्यायला निघून गेले.

त्याच्या पुढच्याच रविवारी समर्थ जेवायला आला होता, मी त्याच्यापुढं बाटली ठेवली. त्यानं वास घेतला, घोट घेतला आणि म्हणाला, “मस्त आहे, मावशी.”

“समर्थ, खोटं बोललास तर रस्सा मिळायचा नाही.”

मग त्यानं खाली मान घालून विचारलं, कुठं ठेवली होती. मी सांगितलं. चुलीपाशी म्हटल्यावर त्यानं डोळे मिटले, आणि चैत्रातलं ऊन म्हटल्यावर कपाळाला हात लावला. “मावशी, वाइनला ऊन दाखवत नसतात! अंधार पाहिजे, गारवा पाहिजे.” मला रडू फुटलं तसं तो घाबरला. म्हणाला, “रडू नका. तुमचं ऊन नसतं तरी नसती राहिली ती. ही लग्नापर्यंत ठेवायची जातच नव्हती, दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची होती. मी दीपकला तेव्हाच बोललो होतो. तो म्हणाला, माहीत आहे रे, पण आईकडं काही दिलं की टिकतं.”

आईकडं काही दिलं की टिकतं. पोरानं एवढा विश्वास टाकला, उज्वला. मी जे जे जपलं, त्यातलं काय टिकलं?

चार दिवस मी हेच घेऊन बसले. रश्श्यात मीठ दोनदा घातलं, कुसाबाई बोलली मला. आणि तव्यापुढं बसल्या बसल्या एक दिवस कळलं, की मला जपायचं म्हणजे एवढंच येतं. पुसायचं, ऊन दाखवायचं, पुन्हा फडताळात ठेवायचं आणि दार लावायचं. तुला पण मी तशीच ठेवायला निघाले होते. आप्पांना चहा विचारला तो त्यासाठीच. तू येशील, पांढऱ्या कपाळानं गल्ल्यावर बसशील, दिशा ओट्यावर खेळेल, आणि दीपक बाहेर गेलाय असं आपण तिघी मिळून सांगत राहू. मला तेच पाहिजे होतं. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडं पाहिजे आहे.

पण तुझं वय फडताळात राहायचं नाही, पोरी. जे ज्या वेळी प्यायचं ते त्याच वेळी प्यावं.

तर माझं उत्तर हो आहे. आप्पांना वाचून दाखव. नवसाबाई हो म्हणते, तिच्या घरचे हो म्हणतात.

आणि दिशा. तिच्याबद्दल मी ह्यांना विचारलं तेव्हा ते उठून झेंडूकडं गेले. तिसऱ्या दिवशी वाफ्यातली रोपं काढत होते, तिथं मी चहा घेऊन गेले. पाठमोरेच म्हणाले, “रोप दुसरीकडं लावायचं तर मुळाची माती संगं जाऊ द्यावी लागती. माती झटकून घेतली तर रोप धरत नाय.” एवढंच. मग चहा घेतला.

म्हणून दिशा तुझ्याबरोबर जाईल. आम्ही मागणार नाही, आणि लोकांनी आम्हाला भरवलं तरी मागणार नाही. तिनं त्या माणसाला बाबा म्हणायचं की काय म्हणायचं, ते तिच्या तोंडाला येईल तसं येऊ दे. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला इकडं पाठव. ह्यांनी पटका धुतला तरी आइस्क्रीमचा डाग गेलेला नाही. गेला नाही की घालवला नाही, मी विचारत नाही.

त्या माणसाबद्दल आप्पा म्हणाले, निर्व्यसनी आहे. चांगलं आहे. पण मला दुसरंच विचारायचंय. तो हसतो का? पोटभर जेवतो का? बायकोनं मान वर करून चार माणसांत हसलेलं त्याला चालतं का? कधी संध्याकाळी तुला बाहेर नेईल का, दिव्यांच्या रस्त्यानं, काही कारण नसताना? ते बघून घे. पावभाजी नसली तर भेळ चालेल. पण नेलं पाहिजे. तुला तशा चार संध्याकाळी दीपककडून मिळाल्या होत्या, त्याच्या खाली उतरू नको. आणि तिथं कोणी ग्लास पुढं केला तर घाबरू नको. दांडीला धर, आधी वास घे.

पाट लागेल तेव्हा मी येणार नाही. लोक काय म्हणतील ते मी खुंटीला टांगलंय, पण माझे डोळे मला ऐकायचे नाहीत आणि शुभ कामात नको ते. मसाला मात्र माझाच पाहिजे. खडे मसाले मी भाजून, कुटून डबा भरून ठेवलाय, तुमच्या सटाण्याच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडं देते. मटणाला तोच घालायला सांग. जेवणारे बोटं चाटत विचारतील, मसाला कोणाचा? तुला वाटेल ते सांग.

आणि हो, ती बरणी. उरलेली बाटली मी फेकणार होते, पण कुसाबाईनं हातातून ओढून घेतली. “सिरकाच हाय ना? मग टाकायचा कशाला?” तिनं त्यात छोटे कांदे टाकले, हिरवी मिरची, मीठ. कांदे असे लालचुटुक झालेत म्हणून सांगू, दिशाच्या बारशाच्या झबल्यासारखे. शनिवारी थोडे गिऱ्हाइकांपुढं ठेवले तर एक जण म्हणाला, “आजी, असले कांदे आयुष्यात खाल्ले नाहीत, काय घातलंय?” मी म्हटलं, “मालकानं आणलेलं होतं काहीतरी.” मग आत येऊन पदर डोळ्यांना लावला. मसाल्याबरोबर अर्धी बरणी पाठवते. तुझ्या वहिनीला दे, पोटातल्या बाळाला आवडेल. एक कांदा तू खा. एक दिशाला दे, तोंड वाकडं करेल, करू दे. तिच्या लग्नाची वाइन आहे, एवढ्यातच चाखली म्हणायची.

कागद संपत आला. तुझ्या आईला नमस्कार, आप्पांना नमस्कार, दिशाचे दोन्ही गालांचे मुके, एक माझा, एक ह्यांचा. ह्यांनी सांगितलेला नाही, पण मला कळतो.

आता तू लिही. ‘बरी आहे’ असं लिहू नको. काय वाटतं ते लिही, रडावंसं वाटलं तर तेही. तुझं हो आलं की मी पुढच्या पत्रावर तुझ्या नावाआधी ‘चि. सौ.’ लिहीन आणि या वेळी खोडणार नाही. पेनात शाई भरून ठेवली आहे. उत्तर लवकर धाड, पोरी.

तुझी आईच,
नवसाबाई